फक्त तारीख काढली

ऑफिसात तिला चिंगूस म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण भिंतींना कान असतात, आणि हिचे कान भिंतींपेक्षा तिखट, त्यामुळे तिला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. राग मात्र कधी आला नाही. "चिंगूस आहे म्हणून तुमचं दुकान धावतंय," असं ती एकदा साहेबांना सरळ ऐकवून आली होती. साहेब नुसते हसले, कारण बाई खोटं बोलत नव्हती.

दुकान म्हणजे शटर उघडून बसायचं दुकान नव्हे. बाळांच्या वस्तू विकणारं ऑनलाइन दुकान. झबली, पाळणे, बाटल्या, दुपटी, जे म्हणाल ते. गोदाम शहराबाहेर, आणि दुकान चालवणारं सॉफ्टवेअर बनायचं तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या जिन्याकडे तोंड करून. त्या खिडकीपाशी ती बसायची. घरी, आणि ऑफिसातही तोंडावर, तिला ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू या. चिंगूस म्हणायचा हक्क तिच्या हाताखाली बोलणी खाल्लेल्यांचा.

आता ताईचं काम काय होतं ते सांगायलाच हवं. कंटाळा येईल, पण ऐका. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

अशा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. सॉफ्टवेअरवाले त्याला मॉडेल म्हणतात, म्हणोत बापडे. त्या पानात नाव, पत्ता, काय घेतलं, काय घ्यायचं मनात आहे, बाळ कधी होणार, बाळाला लाडानं काय हाक मारता, खोलीला रंग कोणता, पाळण्याचा फोटो, सगळं असतं. पण ते एका जागी पडलेलं नसतं. वेगवेगळ्या टेबलांत, म्हणजे यंत्रातल्या तक्त्यांत, विखुरलेलं असतं. पान उघडा म्हटलं की यंत्र बिचारं सगळीकडे धावतं आणि गोळा करून आणतं. एका माणसाचं पान असेल तर कोणाला पत्ता लागत नाही. पण सकाळी गोदामाला सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते हवेत आणि तुम्ही एकेकाचं पूर्ण पान उघडत बसलात, तर दुकान आडवं पडतं. हवा असतो नुसता पत्ता, आणि आपण उचलून आणतो पाळण्याच्या फोटोसकट अख्खा संसार! ताईला हे बघवत नसे.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक जाड भिंगांचा प्रोग्रॅमर बसायचा. त्याला सगळे चष्मिष्ट म्हणत. त्यानं असला आचरटपणा केला की ताई खुर्ची वळवायची. "काय रे, शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जातोस, की तिचं कपाट खांद्यावर टाकून आणतोस?"

"ताई, पण चालतंय ना?"

"चालतंय म्हणे! गोगलगायसुद्धा चालते."

वाटा तीन, असं ती सांगायची. एकाच माणसाचं सगळं बघायचं असेल, काही बदलायचं असेल, तर पूर्ण पान उघडा. पुष्कळ माणसांचं थोडंथोडं हवं असेल, तर तेवढेच रकाने मागवा. आणि तेच ते रोज हवं असेल, तर त्याची एक तयार प्रत बाजूला काढून ठेवा. कुठे कुठली वाट धरायची ते ओळखणं, एवढंच काय ते शहाणपण. बाकी टंकलेखन आहे.

आणि एक नियम. प्रत ठेवली की प्रत शिळी होते. म्हणून कोणाचंही काही बदलायचं झालं तर ते पानावरूनच बदलायचं आणि सेव्ह करायचं, म्हणजे प्रतीलाही निरोप जातो. थेट टेबलात हात घालायचा नाही. टेबलात बदललं तर पानावर बदललेलं दिसतं, पण प्रतीला त्याचा गंधही नसतो. चष्मिष्टानं एकदा घाईत असा हात घातला होता, तेव्हा ताईनं त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की त्यानं कानाला खडा लावला.

सकाळच्या खोक्यांचं काम तर खास ताईचंच. दुकानाची एक पद्धत होती. बाळाची जी तारीख गिऱ्हाइकानं दिलेली असते, नेमकी त्या दिवशी दारात एक खोका पोचतो. फुकट. आत लोकरीचे मोजे, टोपडं, आणि एक कार्ड, त्यावर बाळाचं लाडकं नाव. लोकांना ते फार आवडायचं, फोटो काढून पाठवायचे. आधी हे काम सगळी पानं उघडून चालायचं आणि सकाळी दुकान धापा टाकायचं. ताईनं त्याची एक छोटी प्रत केली. चारच रकाने: पत्ता, तारीख, मोज्यांचा रंग, लाडकं नाव. ज्याचं पान सेव्ह होईल त्याचीच ओळ नवी व्हायची. सगळी प्रत रोज नव्यानं करू या का, असं साहेबांनी विचारलं, तर ही फणकारली. "कशाला? ज्याचं बदललं त्याचंच बदला. उगाच सगळं घर रोज धुवायचं का?" काम इतकं झटपट व्हायला लागलं की साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला. इतर लोक बढती देतात, आमचे साहेब चहा.

घरचं म्हणाल तर ताईला जवळचं माणूस एकच, धाकटी बहीण. तिला बारकी म्हणत, आणि ती नवऱ्यापेक्षा उंच झाली तरी बारकीच राहिली. आई गेली तेव्हा बारकी शाळेत जायची, आणि वडील त्याआधीच गेलेले. ताईनं शिक्षण आणि नोकरी एकमेकांत कोंबून तिला वाढवलं. लागेल तेवढंच आणायचं, ही सवय तेव्हाची. बाजारातून येताना पिशवीत एक वस्तू जास्तीची नसायची. ताईचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कोणी विचारलं नाही असं नाही, पण विचारणाऱ्याला बारकी नको होती, आणि ताईला बारकीशिवाय काही नको होतं.

त्या बारकीला दिवस गेले, तेव्हा चिंगूस बाई बदललीच. ऑफिसात कोणी न विचारता पेढ्याच्या जागी काय वाटू, काय वाटू, असं करत शेवटी सगळ्यांना एकेक पेन देऊन मोकळी झाली. चष्मिष्ट ते पेन खिशाला लावून हिंडायचा. बारकीनं ताईच्याच दुकानात स्वतःचं पान उघडलं. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी पडद्यावर बाळ दाखवलं तेव्हा ते एवढंसं, गोल, म्हणून लाडकं नाव लिहिलं: वाटाणा. मग पुढे बाळाला हातपाय आले, नाक आलं, लाथा आल्या, पण नाव वाटाणाच.

"ताई, तू माझं पान बघू नकोस हं," बारकी फोनवर बजावायची. "सगळं भरून झालं की मी दाखवीन."

"मला काय कामं नाहीत का? कोणाची पानं उघडत बसू?"

"आणि तब्येत सांभाळ. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माझा तर ह्या बाळाच्या बाबतीत सगळा भरवसा मावशीवरच आहे."

"गप्प बस. काहीतरी अभद्र बोलू नकोस."

पण फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ स्वतःशीच हसत बसायची. मावशी. ह्या शब्दाची तिला इतकी भूक होती हे तिलाच माहीत नव्हतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी बारकीला वाटलं, वाटाणा आज लाथ मारत नाहीये. दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावरून फिरवलं, परत फिरवलं, आणि मग यंत्राचा पडदा हलकेच आपल्याकडे वळवून घेतला. बारकीनं ते बघितलं. पुढे काय झालं ते मी सांगत बसत नाही. ज्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको, आणि ज्या घरात झालं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मुलगी होती. केस होते डोक्यावर.

ताई पोचली तेव्हा बारकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा बाहेरच्या बाकावर, दोन्ही हातांत तोंड धरून. ताई पलंगाशी बसली. ती बारकीचे पाय चेपत राहिली. पाय सुजलेले होते.

बारकी भिंतीकडे बघतच म्हणाली, "ताई, एक काम करशील?"

"बोल ना."

"तुमच्या दुकानातून तो खोका येतो ना, तारखेला? तो यायला नको."

"नाही येणार."

"नक्की ना? माझ्याच्यानं बघवणार नाही गं ते. कोणीही काहीही बोलू दे, सगळं सोसेन. तेवढं कार्ड नको."

"मी माझ्या हातानं बंद करते. माझ्यावर सोड."

"बाकी काही काढू नकोस. फक्त तो खोका."

"हो गं बाळ, फक्त तो खोका."

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात गेली ती एवढ्या एकाच कामासाठी. ती बसली, बारकीचा नंबर टाकला आणि पान उघडायला लावलं. बरोबर वाट हीच होती. एका माणसाचं पान, त्यात बदल करायचा, मग पूर्ण पान उघडा, तारीख पुसा, सेव्ह करा. लहान पोरालाही जमेल.

पान उघडायला लागलं. आधी वर नाव आलं. लाडकं नाव: वाटाणा. त्याखाली पाळण्याचा फोटो हळूहळू उतरायला लागला, वरची लाकडी दांडी दिसली, दांडीला बांधलेली पिवळी फीत दिसली. ती फीत बारकीनं स्वतः बांधली असणार, तिची गाठ ताईला ओळखू आली. ताईनंच तिला ती गाठ शिकवली होती, बुटाच्या नाडीवर. आता खाली अजून काय काय येईल ह्या भीतीनं ताईनं खाडकन पान बंद केलं.

मला तारीखच काढायची आहे ना, ती मनाशी म्हणाली. मग सगळं कशाला आणायचं? लागेल तेवढंच.

आणि तिनं थेट टेबलात हात घातला. एकच ओळ लिहिली: ह्या गिऱ्हाइकाची तारीख रिकामी कर. झाली रिकामी. तिनं टेबलात परत डोकावून बघितलंसुद्धा. रिकामी होती.

"ताई, मी काही करू का?" चष्मिष्टानं हळूच विचारलं.

"झालं माझं."

पानावरूनच केलंत ना, असं त्यानं विचारायला हवं होतं. पण कोण विचारणार? ज्या बाईनं आपल्याला ह्याच गोष्टीवरून झापलं होतं, तिला, अशा दिवशी? पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात ते उगाच नाही. काठावरच्यांना वाटत असतं, हिला कशाला हात द्यायचा. प्रतीचा विचार ताईच्या मनाला शिवलाही नाही. डोळ्यांपुढे ती पिवळी फीत होती.

"झालं," तिनं दवाखान्यात जाऊन सांगितलं. "आता काही येणार नाही." बारकीनं तिचा हात घट्ट धरला. त्या दोन दिवसांत बारकीनं आपणहून कोणाला धरलं ते तेवढंच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्या तिघांनाच ठाऊक. पण माणूस लोचट असतं, जगत राहतं. बारकी हळूहळू उठायला लागली. आधी नुसती खिडकीत बसायची. मग एक दिवस आपणच उठून आंघोळ केली. एकदा ताईनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं तेव्हा बारकी हसली, आणि हसल्यावर स्वतःच इतकी दचकली की दोघी रडायला लागल्या. पुन्हा कामावर जायचं म्हणू लागली. पायांची सूज उतरली होती आणि जुने बूट फाटले होते, म्हणून तिनं नवे बूट मागवले. गर्द निळे. फोनवर ताईला चित्र पाठवलं. त्या बुटांचं ताईला इतकं बरं वाटलं की तिनं ते चित्र चष्मिष्टालाही दाखवलं. "बघ, बूट घेतलेत बाईनं." तोही शहाणा, "वा, छान आहेत," म्हणाला, जसा काही बुटांचा व्यापारीच.

राहिला होता तो एक दिवस. तारखेचा.

ताईनं रजा टाकली आणि सकाळीच बारकीकडे गेली. बारकीचा नवरा कामावर निघालाच होता. त्याला रजा मिळत नव्हती असं नाही, त्याला घरात थांबवत नव्हतं. दारात तो ताईला म्हणाला, "ताई, आज तुम्ही आहात म्हणून जातोय. नाहीतर माझी हिंमत झाली नसती."

"जा तुम्ही. मी आहे."

बारकीनं केस विंचरले होते. तळ्याकाठी जायचं ठरलं होतं, एक मोठी चक्कर मारायची आणि काहीही बोलायचं नाही. बाळाच्या खोलीचं दार बंद होतं, बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. ताईनं कप विसळून ठेवले. आजचा दिवस निभावला की पुढचं आपण बघून घेऊ, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

"माझे बूट आले!" बारकी म्हणाली आणि दाराकडे निघाली. हल्ली ती एवढ्या उत्साहानं कशासाठीच उठली नव्हती.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, तर बारकी खोका टेबलावर ठेवून चिकटपट्टी ओढत होती. पिवळी चिकटपट्टी. त्यावर छोट्या पावलांची नक्षी. ताईनं ती पट्टी ऑफिसात हजारदा बघितली होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. पान, टेबल, प्रत, आपली ती एक ओळ, सगळं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. तोंड उघडून "थांब" म्हणायला हवं होतं, पण तेवढा वेळ उरला नव्हता.

पट्टी निघाली. बारकीनं आतला कागद बाजूला केला. एका हातात मोजे आले, पिवळे, तिच्या अंगठ्याएवढे. दुसऱ्या हातात कार्ड. तिनं ते वाचलं. ताईला दुरूनही ते पाठ होतं, शब्द दुकानाचेच होते, फक्त नाव बदलायचं. वाटाण्या, आलास का! आम्ही कधीची वाट बघतोय.

बारकी खुर्चीत बसली. मोजे मुठीत होते.

"ताई, तू काढलं होतंस ना?"

"काढलं होतं गं."

"मग हे कसं आलं?"

ताई तिच्यासमोर जमिनीवरच बसली. खोटं बोलायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. "ते पान उघडून काढायचं असतं. पानावरून काढलं की गोदामाच्या प्रतीतूनही जातं. मी पान न उघडता, मागच्या मागे, फक्त तारीख काढली. प्रत तशीच राहिली. माझी चूक आहे बारके. दुसऱ्या कोणाची नाही."

"पान का नाही उघडलंस?"

"उघडायला घेतलं होतं. वरचं थोडं आलं आणि मग... मला नाही बघवलं."

"किती बघितलंस?"

"नाव. आणि पाळण्याची दांडी."

"बस?"

"बस."

बारकी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर ताईनं तिसरा गाल आणला असता कुठून तरी. पण ती मोज्यांकडे बघत अगदी सावकाश बोलायला लागली.

"मी रोज उघडते ते पान. हा कामावर गेला की रोज. तारखेची जागा रिकामी दिसायची, बाकी सगळं तसंच. मला वाटायचं, ताईनं सगळं वाचलं असणार. एकेक ओळ. वाचलं, आणि मग फक्त तारीख काढली, बाकीचं माझ्यासाठी ठेवलं. ह्याच्याशी तर बोलताच येत नाही, नाव काढलं की रडतो. डॉक्टर म्हणतात विसरा. शेजारणी म्हणतात अजून वय आहे. म्हटलं, असू दे. जगात माझ्याशिवाय एका माणसानं तरी माझ्या वाटाण्याचं सगळं बघितलंय. तेवढ्यावर उठत होते मी सकाळी." ती थांबली. "आणि तू नावावरूनच परत गेलीस."

ताईनं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत कोणी तिला इतकं खरं बोललं नव्हतं, आणि इतकं हळू तर नाहीच.

"मला वाटलं तू खुर्चीबद्दल मुद्दाम बोलत नाहीयेस," बारकी म्हणाली.

"कसली खुर्ची?"

"तुझी. डुलती खुर्ची लिहिली होती ना मी, तुझ्यासाठी. तू काही बोलली नाहीस, तेव्हा म्हटलं, हिला त्रास होत असेल. मग मीही विषय काढला नाही."

मग मात्र ताईला राहवेना. ती रडली, आई गेली तेव्हाही रडली नव्हती तशी. तेव्हा रडायला सवड नव्हती, बारकीला शाळेत सोडायचं होतं. आता बारकी वरून बघत होती आणि तिनं ताईला गप्प केलं नाही. जवळही घेतलं नाही. रडू दिलं.

थोड्या वेळानं तिनं आपला फोन ताईच्या मांडीवर ठेवला. "उघड."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर. सगळं."

ताईनं उघडलं. फोन जुना, पान जड. रेघ पुढे सरकायची, थांबायची, परत सरकायची. जन्मभर जिला एक सेकंद जास्त लागलेला खपला नाही, ती बाई हातात फोन धरून बसून राहिली. नाव आलं. दांडी आली, फीत आली, आणि ह्या वेळी तिच्याखाली सबंध पाळणा आला. आत एक कापडी ससा होता, त्याचा एक कान दुमडलेला. भिंत पिवळी. पण एकसारखी पिवळी नाही, एका कोपऱ्यात रंग संपला असावा.

"मोठ्यानं वाच," बारकी म्हणाली.

ताई वाचू लागली. दुपटी, मऊ, पिवळी. कानटोपी, कान झाकणारी, कारण बाबांचे कान मोठे आहेत, बाळाचेही असतील. आंघोळीचा टब. रात्रीचा छोटा दिवा, अंधाराची भीती आईला वाटते म्हणून. प्रत्येक वस्तूपुढे बारकीनं काही ना काही लिहिलं होतं. हिला लहानपणापासून मेली बडबड करायची सवय. ताई एकेक ओळ वाचत पुढे जात होती. तळ्याकाठी जायची वेळ टळून गेली होती आणि खिडकीतलं ऊन टेबलावरच्या खोक्यापर्यंत आलं होतं.

"डुलती खुर्ची, उशीसकट," ताईनं वाचलं. "मावशीसाठी. रात्रीची पाळी ती घेणार आहे. तिला अजून..."

बारकीनं वाकून फोनकडे बघितलंही नाही. तिला ते पाठ होतं.

"तिला अजून विचारलेलं नाही, पण नाही म्हणायची नाही," ती म्हणाली. "पुढे वाच. अजून आहे खाली."

ताईनं डोळे पुसले आणि वाचलं. खुळखुळा वाचला, गोष्टींची पुस्तकं वाचली, पहिल्या पावसाळ्याचे छोटे बूट वाचले, पान संपेपर्यंत सगळं वाचलं. मग तिनं तारखेच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून सेव्ह करू का म्हणून वर बघितलं, म्हणजे प्रतही आता रिकामी होईल.

"ते नंतर कर," बारकी म्हणाली. "आधी परत वाच. वरून."